खो!

आज लेकीची खो-खोची पहिली मॅच. आठला हजर राहायला सांगितलं होतं, खेळ सुरू झाला साडेदहाला. अपेक्षितच होतं म्हणा.

आठ जणी ओळीत, एकीआड एक उलट्या तोंडाने बसलेल्या. पाठलाग करणारीने मधली रेषा ओलांडायची नाही, खांब येईपर्यंत मागे फिरायचं नाही. पळणारीला मात्र सगळी मोकळीक. थोडक्यात, आमच्या घरची शाळेची सकाळ. आमची बाई खो मिळताच उठली ती थेट रेषेपलीकडे. फाऊल! नंतर मात्र खांबाला वळसा घालून एकीला बाद केलं, तेव्हा तिचा बाबा असा ओरडला की पंचांनी वळून बघितलं.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या महिला संघाची कॅप्टन, आपली प्रियांका इंगळे, हिच्या टीमने कप उचलला आणि तेव्हापासून हिच्या डोक्यात हे खूळ. मला आवडलंय. क्रिकेटच्या किटच्या मानाने खर्च काहीच नाही!

हरलो. धाकट्याला त्याचं काही नव्हतं, तो खिशात माती भरत होता. येताना दोघांना उसाचा रस, त्यातला अर्धा त्याच्या शर्टावर.

आत्ता कन्या घरभर खो देत फिरतेय. आजीलाही दिलाय. आजी उठायला तयार नाहीत.