आमची वाटचाल : बोर्डापासून फिल्मपर्यंत

१९९४ साली कोल्हापूरच्या शाहूपुरीत बोर्ड रंगवायला गाळा घेतला तेव्हा आमचं भांडवल म्हणजे चपटे ब्रश, इनॅमलचे चार डबे आणि खडू लावलेली दोरी. दोघांनी दोन टोकं ताणून धरायची आणि मधोमध उचलून झटकायची. बोर्डावर लख्ख सरळ रेघ उमटते. दुसरं टोक मावसभाऊ धरायचा. पुढं संगणकावर डिझाइनसाठी कोरल आलं, मराठी अक्षरांसाठी श्रीलिपी आली, पॅकिंगच्या डिझाइनची कामं आली. २०११ मध्ये कर्ज काढून कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू कॅमेरा घेतला आणि उद्योजकांच्या छोट्या फिल्म करू लागलो.

पहिली फिल्म गुळाची. गूळ व्यापारी आण्णा लेबलं सुरुवातीपासून आमच्याकडंच करतात, दरावरून कधी घासाघीस नाही. पहाटे चारला गुऱ्हाळावर पोचलो. काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, उतरायची वेळ गूळ करणाऱ्या गुळव्यालाच कळते, आणि नेमकी तेव्हाच वाफेनं लेन्स धुरकटते. लेन्स आधी अर्धा तास तिथल्या उबेत ठेवावी, हे तिथं शिकलो.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ फुटांवर. गाळ्यात छातीएवढं पाणी. सात हार्ड डिस्क गेल्या. पाणी ओसरायच्या आतच एका एजन्सीनं आमच्या ग्राहकांना फोन केले, "त्यांचं सगळं बुडालं. आणि बोर्ड रंगवणारी माणसं ती, फिल्म आम्हाला द्या." चार ग्राहक तुटले. त्यातल्या एकाच्या फिल्ममध्ये आमच्या स्टोरीबोर्डातल्या, म्हणजे शूटिंगआधी कागदावर काढलेल्या दृश्यांच्या, चौकटी जशाच्या तशा दिसल्या. हे मी विसरलेलो नाही. बोर्ड रंगवणारे! ज्या कोल्हापुरात नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरंही रंगवली, त्या गावात हे ऐकून घ्यावं लागलं.

चिखल काढत होतो तेव्हा आण्णा आले. दर दिवाळीला आम्ही दिलेल्या फिल्मच्या प्रती त्यांनी तिजोरीत जपल्या होत्या. त्या हातात दिल्या, वर लेबलांचा आगाऊ चेक. "लेबलं दसऱ्याआधी पायजेत," एवढंच बोलले.

नव्या पोरांनो, फुटेजच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावात ठेवा. निम्मे पैसे आधी घ्या. स्टोरीबोर्डाच्या प्रत्येक पानावर ग्राहकाची सही घेतल्याशिवाय ते पान हातातून सोडू नका.

दोरी उंच खिळ्याला होती म्हणून वाचली. फिल्मच्या टायटलची अक्षरं आजही तिच्या रेघेवर हातानं काढतो आणि मगच स्कॅन करतो. दुसरं टोक मावसभाऊच धरतो.