साठ लाख डॉलरचं कॉमिक आणि उचगावचे मामा

डॅलसला आल्यापासून मला लिलाव बघायचा नाद लागलाय. घ्यायची ऐपत नाही, नुसतं बघायचं. सुपरमॅन-बॅटमॅनची जुनी कॉमिक्स, त्यांच्या चित्रांची मूळ पानं, सिनेमातले पोशाख असला माल विकणारी हेरिटेज ऑक्शन्स ही मोठी कंपनी इथलीच. लिलाव ऑनलाइन कुणालाही दिसतो, म्हणून गेल्या वेळी उचगावच्या मामांनाही फोनवर जोडून घेतलं. उन्हाळ्यात इथे सकाळचे अकरा म्हणजे तिकडे रात्रीचे साडेनऊ, मामा जेवून कट्ट्यावर बसलेले. रताळी आणि बटाटे बेळगावच्या एपीएमसीत घालण्यात त्यांचं आयुष्य गेलं. सौदा म्हटला की कान टवकारतात.

"काय इकालेत रे?"

म्हटलं, जुनी पुस्तकं. जून १९३८ च्या ज्या अंकात सुपरमॅन पहिल्यांदा आला, त्या 'ॲक्शन कॉमिक्स'ची किंमत तेव्हा दहा सेंट होती. त्याची एक प्रत २०२४ मध्ये साठ लाख डॉलरला गेली, म्हणजे त्या वेळच्या दराने पन्नास कोटी रुपये. मामा जरा वेळ गप्प. मग विचारलं, "त्यात अडत धरून काय?"

प्रश्न अगदी नेमका होता. हातोडा पडतो त्या बोलीवर घेणाऱ्याला साधारण वीस टक्के जादा मोजावे लागतात आणि पेपरात येतो तो आकडा बहुधा ते धरूनच. सगळीकडे दर एकच असतो असंही नाही. १९६६ च्या मालिकेतली बॅटमॅनची गाडी, बॅटमोबिल, २०१३ मध्ये ॲरिझोनात विकली गेली, तेव्हा बोली ४२ लाख डॉलरवर थांबली आणि घेणाऱ्याने भरले ४६ लाख २० हजार.

खरा भाव ठरतो तो प्रतीच्या अवस्थेवर. तपासणारी कंपनी दहापैकी गुण देते आणि अंक प्लास्टिकच्या कडक पेटीत कायमचा बंद करते. पेटी फोडली की गुण गेले. "मग वाचतंय कोण?" मामांनी विचारलं. कुणीच नाही. २०२५ मध्ये १९३९ चा, 'सुपरमॅन' याच नावाच्या कॉमिकचा पहिला अंक ९१ लाख २० हजार डॉलरला गेला. तीन भावांना तो कॅलिफोर्नियात आईच्या माळ्यावर सापडला होता. तिथली हवा थंड म्हणून कागद टिकला. आपल्याकडे चार पावसाळ्यांत वाळवीनेच बोली लावली असती.

मला स्वतःला बंद पेटीपेक्षा मूळ चित्रं आवडतात. लिलावाआधी माल बघायला ठेवतात, तिथे एक पान अगदी जवळून पाहिलं. छापील पानापेक्षा बरंच मोठं. शाईखाली निळ्या पेन्सिलीच्या रेघा, चुकलेला हात झाकायला फासलेला पांढरा रंग. संवादाच्या फुग्यातला मजकूर वेगळ्या कागदावर लिहून डकवलेला आणि गोंद पिवळा पडून त्याचा एक कोपरा उचललेला. कुणीतरी अंक वेळेत छापायला जावा म्हणून रात्री बसून काम उरकलंय, हे कळत होतं. स्पायडरमॅनचा काळा पोशाख दाखवणारं असंच एक पान २०२२ मध्ये ३३ लाख ६० हजार डॉलरला गेलं.

"काढणाऱ्यास्नी काय मिळालं?" मामा शेवटी तिथेच आले. माल पिकवणाऱ्याचाच प्रश्न.

सुपरमॅन रचला जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोघा पोरांनी. १९३८ मध्ये त्याचे सगळे हक्क त्यांनी १३० डॉलरला लिहून दिले. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, म्हातारपणी १९७५ मध्ये बराच गाजावाजा झाल्यावर हक्क ज्यांच्याकडे होते त्या कंपनीने वर्षासन लावून दिलं आणि त्यांची नावं पुन्हा छापायला सुरुवात केली. आणि ते १३० डॉलर ज्या चेकमधून मिळाले, तो जुना चेकसुद्धा २०१२ मध्ये लिलावात आला. १ लाख ६० हजार डॉलर!

"चेकचे पैसे तरी त्यास्नी?"

शूस्टर १९९२ मध्ये गेले होते, सीगल १९९६ मध्ये.

मामांनी आपल्या ठेवणीतली एक शिवी हासडली. अडत्यांसाठी राखलेली.