क्रॉसिंगला थांबलेली गाडी

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वस्तीत, पस्तीस वर्षं मी लाकडी पॅटर्न केले. फाउंड्रीत जे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं त्याचा आधी लाकडाचा नमुना लागतो; तो करणारा तो पॅटर्नमेकर. आमची फूटपट्टी बाजारातल्या फूटपट्टीपेक्षा जरा लांब असते, असं सांगितलं की बाहेरचा माणूस संशयानं बघतो. पण बीड निवताना आकसतं, फुटामागे साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पट्टीवरचा फूटच एका सुतानं मोठा करून ठेवलेला असतो, म्हणजे दर वेळी हिशोब नको. अशी खोटी पट्टी धरून खरं माप काढायची हाताला इतकी सवय झाली होती, की रिटायर झाल्यावर माडीवरच्या खोलीत रेल्वेचं मॉडेल बांधायला घेतलं तेव्हा वाटलं, हे तर आपलंच काम. आकसणं म्हणजे काय ते आपल्याला कोण शिकवणार?

खोली वीस फूट बाय अकरा. विषय ठरला खानापूर ते लोंढा, मीटरगेजच्या, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असायचं त्या दिवसांतला. बेळगाव स्टेशनच का नाही, असं येणारा प्रत्येक जण विचारतो. एक तर ते मोठं, खोलीत मावणार नाही. दुसरं कारण पाटी. २०१४ साली गावाचं सरकारी नाव बदललं, आणि आमच्याकडे पाटीचा विषय पाहुण्यांसमोर काढायचा नसतो. खानापूर बिचारं सगळ्या लिप्यांत खानापूरच.

दुसरा प्रश्न दूधसागरचा. तो घाट कॅसलरॉकच्या खाली उतरतो, चढ दर सदतीस मीटरला एक मीटर. खऱ्या गाडीलासुद्धा तिथं जादा इंजिनं लावावी लागतात. माझं इंजिन अशा चढावर दोन डबे घेऊन जागच्या जागी चाकं फिरवत बसलं. आणि कापसाचा धबधबा गणपतीच्या आराशीत शोभतो, तो तिथंच राहू दे.

माप घेतलं १:८७. जगभरचे हौशी लोक याला एचओ म्हणतात. एक मीटर रुंदीचा रूळ या मापात साडेअकरा मिलिमीटर भरतो. तयार मिळतो तो बारा मिलिमीटरचा, आणि तोही स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या ऱ्हेटियन रेल्वेच्या कृपेनं, कारण तिचे रूळ आपल्या जुन्या लाइनीइतकेच, एक मीटरचे. तिच्या मॉडेलसाठी केलेल्या रुळांवर माझं खानापूर चालतं. वरचा अर्धा मिलिमीटर मी सोडून दिला. पॅटर्नमेकरनं अर्धा मिलिमीटर सोडला हे उद्यमबागेत कुणाला सांगू नका.

खरी पंचाईत लांबीची. खानापूर ते लोंढा रुळानं पंचवीसेक किलोमीटर. त्याला सत्त्याऐंशीनं भागलं तर २८७ मीटर येतात. म्हणजे माझ्या खिडकीतून रूळ बाहेर काढायचे, गल्ली ओलांडायची, मारुतीच्या देवळाला वळसा घालायचा आणि किराणा दुकानाच्या मागं लोंढा बांधायचा. पट्टी इथं काही कामाची नाही. इथं गाळावं लागतं. मी मधलं गुंजी स्टेशन गाळलं. बायकोचे एक मामेभाऊ गुंजीचे. ते सगळं बारकाईनं बघून, चहा पिऊन गेले, ते परत आले नाहीत.

बाकीचं मात्र जमत गेलं. डब्यांची अंगं पातळ प्लायची. एक डबा साधारण बावीस सेंटिमीटर. स्टेशनची कौलं करायला खानापूरचीच माती आणली, ज्या मातीची खरी कौलं होतात ती. चाळून, मळून, थापून तिची पानं केली आणि पट्टीनं एकेक कौल आखलं. हे काम मे महिन्यात दुपारी पंखा बंद करून करायचं असतं. रुळांखालची खडी म्हणजे बारीक चाळणीतून काढलेली कच. ती ब्रशनं सारखी करायची आणि वरून पाणी घातलेलं फेविकॉल थेंब थेंब सोडायचं. पहिल्यांदा सोडलं तर थेंब खडीवर मोत्यासारखा बसून राहिला, आत जाईना. मग त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला आणि गोंद मुकाट्यानं खाली उतरला. झाडं तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्यांची. मलप्रभेचं पाणी म्हणजे व्हार्निशचे चौदा हात. पाऊस मात्र आमच्याकडचा. पहिल्याच जुलैत प्लाय फुगला, रुळांचे सांधे उचकले आणि गाडी बरोबर मलप्रभेच्या पुलावर रुळावरून घसरली. लाकूड पावसात फुगतं हे ज्याला पस्तीस वर्षं पगार देऊन शिकवलं, त्यानंच प्लायच्या कडांना सीलर लावलं नव्हतं.

तर असं सगळं उभं राहिलं, आणि दीड वर्ष मी ते नुसतं गोल गोल फिरवत होतो. बटण फिरवलं की गाडी निघायची, खानापूर, लोंढा, भिंतीमागून परत खानापूर. पाहुणे दोन फेऱ्या वाकून बघायचे, मोबाइलवर शूटिंग करायचे, तिसऱ्या फेरीला चहा कुठवर आला ते बघायचे. मलाही तसंच व्हायला लागलं होतं, पण एवढा खर्च केल्यावर कबूल कोण करणार.

मग मामा आले. मामा म्हणजे पलीकडच्या गल्लीतले, लोंढ्याला पॉइंट्समन होते, सांधेवाले. वय ऐंशीच्या पुढं. जिना चढून आले, दम खाल्ला, दोन फेऱ्या बघितल्या आणि म्हणाले, "मेस्त्री, हे काय चालवूलालाय? रेल्वे नव्हे हे, जत्रेतला पाळणा. ह्या गाडीला सोडलं कुणी?"

मी म्हटलं, "मी सोडली."

"तुम्ही कोण? गोळा कुठाय?"

गोळा म्हणजे टोकन. एकेरी लाइनीवर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून ही व्यवस्था. दोन्ही स्टेशनांत एकेक यंत्र, आत लोखंडी गोळे, आणि दोन्ही यंत्रं तारेनं अशी बांधलेली की एका वेळी दोहोंमधून मिळून एकच गोळा बाहेर येणार. तो कातडी पिशवीत घालायचा, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला, आणि ते कडं ड्रायव्हरच्या हातात द्यायचं. गोळा हातात असेल तरच पुढची लाइन त्याची. न थांबणाऱ्या गाडीला मामा फलाटावर उभे राहून धावत्या इंजिनात हे कडं द्यायचे आणि त्याच वेळी मागच्या सेक्शनचं कडं अंगावर झेलायचे. उजव्या दंडावरचा वण दाखवला त्यांनी. पावसात, रात्री, मशाल धरून.

दुसऱ्या दिवशी मामा माझ्या नातवाच्या पिशवीतल्या दोन गोट्या घेऊन बसले. पांढरी गोटी बेळगाव–खानापूर, निळी खानापूर–लोंढा. बेळगाव म्हणजे माझ्या प्लायच्या मागं लपवलेले तीन रूळ, पण मामांना तेवढं पुरलं. यंत्र नाही, एका टप्प्याला गोटीही एकच, हे त्यांना फारसं पटलं नव्हतं. पण नियम कडक: गोटी समोरच्या वाटीत पडल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. लोंढ्याच्या टोकाला स्टूलवर मामा, खानापूरला मी. निरोपाला सायकलची घंटा. कशाला किती टोले ते त्यांना पाठ, मला अजून चुकतं.

आणि त्या दिवसापासून मी बहुतेक वेळ थांबलेलोच असतो. बेळगावहून पॅसेंजर आणली, पांढरी गोटी वाटीत टाकली, गाडी लूपला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, घेतली. निळी गोटी लोंढ्याला. तिकडून मालगाडी यायचीय. खोलीतलं अंतर म्हणाल तर माझं इंजिन अर्ध्या मिनिटात तोडेल. पण मामा मालगाडीला तसं पळू देत नाहीत. आधी डबे मोजतात. मग गार्डला झेंडी दाखवायला वेळ देतात. गार्ड वीस मिलिमीटरचा, प्लास्टिकचा. मग इंजिन अशा गतीनं सोडतात की चाकांचे दांडे एकेक करून मोजता यावेत. चार मिनिटं जातात, पाच जातात.

परदेशी हौशी मंडळी अशा वेळी घड्याळच पळवतात. भिंतीवरचं घड्याळ सहापट, आठपट वेगानं फिरवायचं, म्हणजे दुपारभरात अख्ख्या दिवसाचं टाइमटेबल उरकतं. मला ती युक्ती फार आवडली होती. आमच्या खोट्या फूटपट्टीसारखीच ती, फक्त वेळेची. मामांना समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "घड्याळ पळीवलं म्हणून मालगाडी लवकर येत असती होय?" एवढंच म्हणाले आणि वाटीकडं बघत बसले.

थांबून करायचं काय? फलाटाकडं बघायचं. मी स्वतः रंगवलेली माणसं, आणि या पाच मिनिटांत पहिल्यांदा नीट दिसायला लागली. ट्रंकेवर बसलेल्या बाईला डोळेच काढायचे राहिलेत. हमालाचा लाल सदरा मागून रंगवलेलाच नाही. मिरजेला ब्रॉडगेज सोडून मीटरगेजमध्ये बसायचे ते दिवस आठवतात: सामान डोक्यावर घेऊन पळायचं, जागा धरायची, आणि एवढी धावपळ करून गाडी पुढं कुठल्या तरी आडस्टेशनावर क्रॉसिंगला तासभर निवांत. वडील खाली उतरून शेंगा आणायचे. गाडी का थांबली असं कुणी विचारत नसे. क्रॉसिंग आहे म्हटलं की संपलं.

टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटावरही तेच. आमच्या गावाला गेटांचे नुसते नंबर आहेत, पहिलं, दुसरं, तिसरं, आणि पत्तेसुद्धा त्यावरूनच सांगतात. शाळेत असताना घंटेनंतर वर्गात शिरायला 'गेट पडलं होतं' हे एकच कारण चालायचं. मास्तर स्वतः त्याच गेटात अडकून आलेले असायचे. खाली वाकून सायकल पलीकडं काढणारे काही होते. आम्ही मात्र रुळाला कान लावल्यासारखे उभे राहायचो आणि वाफेचं इंजिन मालगाडीचं वायजी की पॅसेंजरचं वायपी, यावर पैज लावायचो. आता इंजिनं विजेची, गाड्या मोठ्या लाइनीच्या, कपिलेश्वरपाशी पूल. पैज लावायला उभं राहायला वेळ कुणाला आहे, आणि गाड्याही तशा काळ्या राहिल्या नाहीत.

कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे, १९९८ पासूनचं. मी दोनदा बघून आलो. हँबर्गचं मिनिआटुर वुंडरलांड म्हणजे तर विमानतळासकट अख्खा देशच, सगळा कॉम्प्युटरवर. मोबाइलवर बघितलं, हात जोडले. पण तिथं कुणी गोटीची वाट बघत बसलेलं दिसलं नाही.

परवा रविवारी एक कन्नड शेजारी पोराला घेऊन आले. पोरगं म्हणालं, "चुकुबुकु रैलु!" वडील म्हणाले, "भाळ छलो ऐत्री," म्हणजे फार छान आहे. दोघंही एका फेरीची वाट बघत उभे. मी मामांकडं बघितलं. मामांनी घंटा दिली, पण त्यांची वाटी रिकामी. निळी गोटी नाही.

कपाटाखाली झाडू फिरवला. गादी उचलली. मलप्रभेच्या पुलाखाली बॅटरी मारून बघितलं. शेवटी बायकोनं खालून ओरडून सांगितलं, की सकाळी नातू पिशवी घेऊन गल्लीत खेळायला गेला तेव्हा वरची गोटीसुद्धा घेऊन गेला, आणि आता तो तिसऱ्या गेटाकडच्या मित्राकडे आहे, जेवायला येईल.

मी हळूच म्हटलं, "मामा, पाहुणे उभे आहेत. एक फेरी तशीच सोडू काय?"

मामांनी चष्मा काढून पुसला. "पॅसेंजर खानापूरला लूपमध्ये घ्या," म्हणाले, "आणि त्यांना बसायला खुर्च्या द्या."