चालू मशीन बिघडवता कशाला?

जुनी ड्रम मशीनं उघडून त्यांच्या तारा भलतीकडे जोडायच्या आणि नवे आवाज काढायचे, हा माझा उद्योग. त्यावरून हा प्रश्न मला घरात विचारून झाला, लग्नकार्यात विचारून झाला, पुण्यात तपकीर गल्लीत स्विच घेताना काउंटरपलीकडूनही विचारून झाला. "ताई, चालू आहे ना हे? मग उघडता कशाला?" आजवर माझी दोन उत्तरं ठरलेली होती. घाईत असले तर "छंद", आणि वाद घालायची खुमखुमी असली तर अर्ध्या तासाचं भाषण. दोन्ही खोटी नाहीत, पण दोन्हींत सांगलीची गोष्ट वगळलेली असते. या वेळी तुम्ही जरा आस्थेने विचारलंत म्हणून ती सांगते. आधी भाषण उरकते, नाहीतर ते पोटात राहील.

रोलँड कंपनीचं टीआर-५०५ हे ठेके वाजवणारं ड्रम मशीन घ्या, १९८६ सालचं. त्यात १६ आवाज आहेत. बेस ड्रम, स्नेअर, काँगा, काऊबेल, टाळी वगैरे. हे सगळे चिपमध्ये आकड्यांच्या रूपात बसलेले. कुठला आवाज कुठून उचलायचा याचा पत्ता काही ठरावीक तारांवरून जातो. त्यातल्या दोन तारा मी एकमेकींना जोडते, बस्स. पत्ता चुकतो. टाळीच्या घरी निघालेलं मशीन काँगाच्या अंगणात शिरतं आणि काऊबेलच्या मागल्या दाराने बाहेर पडतं. जे ऐकू येतं ते कुणी भरून ठेवलेलं नसतं, तरी असतं त्या मशीनचंच. त्या जोडणीचा स्विच बंद केला की मशीन पुन्हा पहिल्यासारखं. मग बिघडलं काय?

शिवाय हा शोध माझा नाही. १९६६-६७च्या सुमारास अमेरिकेत सिनसिनाटीला रीड गझाला नावाच्या शाळकरी मुलाच्या ड्रॉवरमध्ये पाठ उघडी असलेला खेळण्यातला अँप्लिफायर धातूच्या कशाला तरी लागून शॉर्ट झाला आणि आपला आपण गाऊ लागला. पुढे १९९२ साली गझालानेच या उद्योगाला 'सर्किट बेंडिंग' असं नाव दिलं. रोलँडच्याच ज्या ८०८ ड्रम मशीनचं सगळ्यांना एवढं कौतुक, त्याचा तो सळसळाट ज्या ट्रान्झिस्टरांतून येतो तो नापास झालेला माल होता. आणि १९८२ साली मुंबईत वादक चरणजित सिंग यांनी तेच ८०८ आणि बास गिटारवाल्याची जागा भरायला काढलेलं ३०३ घेऊन चक्क राग वाजवले. रेकॉर्ड खपली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतली.

हे सगळं सोडा. तानपुऱ्याची जवारी म्हणजे काय असतं? घोडीचा माथा घासायचा, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा आणि तार घोडीला सतत चाटून जाईल अशी सोय करायची. मिरजेचा कारागीर हे करत असतो तेव्हा त्याला कुणी विचारत नाही की चांगली तार बिघडवता कशाला.

भाषण संपलं. लिहिताना त्यातली फट मलाच दिसते आहे. मिरजेच्या माणसाच्या कानात काय हवंय ते आधीपासून वाजत असतं. मी नुसत्या तारांच्या क्लिपा इथे-तिथे लावून बघते. दहातल्या सात जोडण्यांत काही होत नाही, दोनदा मशीन गोठतं, एकदा काहीतरी निघतं. ते एक तेवढं मी तुम्हाला ऐकवते.

आता सांगली. चार-पाच वर्षांपूर्वी ओळखीतून कळलं की तिथल्या एका काकांकडे ५०५ पडून आहे. काका ऑर्केस्ट्रात होते, गणपती-नवरात्रात सुपाऱ्या घेत गावोगाव हिंडलेले. मशीन रेक्झिनच्या बॅगेत, कपाटात, साड्यांच्या खाली. "वीस वर्षांत वाजवलं नाही," काकू म्हणाल्या, "पण दर दिवाळीला नवे सेल. आधी त्याला, मग भिंतीवरच्या घड्याळाला." मला हसू आलं. काकांनी पैसे घ्यायला साफ नकार दिला. बॅग हातात देताना एवढंच म्हणाले, "सेल काढू नकोस. बदलायचे झाले तर आधी अ‍ॅडाप्टर लाव, मग बदल." मी हो म्हटलं. घराबाहेर पडताना गॅस पुन्हा एकदा बघ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना म्हणतो ना, तसं हो.

घरी आल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? सेल काढले. मशीन उघडायच्या आधी करंट तोडायचा, हा आमच्यातला पहिला धडा. नवख्यांना तो मीच शिकवते. स्क्रू काढून बोर्ड बघितला, फोटो घेतले, झोपले.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅडाप्टर लावून चालू केलं. कंपनीने दिलेले ४८ ठेके जागच्या जागी. वाजवणाऱ्याने भरायच्या ४८ जागा रिकाम्या. मला वाटलं, काकांनी कधी भरलेच नसतील. मिनिटभर मला खरंच तसं वाटलं. मग सेल आठवले.

कंपनीचे ठेके चिपमध्ये कायमचे कोरलेले असतात. माणसाने भरलेले ठेके मात्र सेलच्या जिवावर टिकतात, थोडी का होईना वीज मिळत राहावी लागते. दर दिवाळीला सेल, ते यासाठी. त्या मशीनला कॅसेट रेकॉर्डर जोडायची सोयही आहे, भरलेलं सगळं टेपवर उतरवून ठेवता येतं. हे मला ठाऊक होतं. दहा-पंधरा मिनिटांचं काम.

काकांना फोन करायला मला तीन आठवडे लागले. मधल्या काळात मी स्वतःला बरंच काही समजावलं. काकांना आता आठवणारही नाही, साधे केरवा-दादरेच असणार, वीस वर्षं ऐकले नाहीत तर गेले काय आणि राहिले काय. आणि मशीन कोरं झालंच आहे म्हटल्यावर, आता लिहूनच टाकते, त्याच तीन आठवड्यांत मी त्याच्यावर हव्या तेवढ्या क्लिपा लावल्या. माझे आजवरचे सगळ्यात चांगले आवाज त्यातूनच निघालेत. तुम्ही ज्यांची तारीफ केली होती ते.

शेवटी फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बारीक केला.

"सगळे?" काका म्हणाले.

"सगळे."

"सव्वीस नंबरपण?"

"हो काका."

थोड्या वेळाने म्हणाले, "बरं. आवाज येतोय ना त्याला?"

"येतोय."

"मग वाजव." आणि फोन काकूंकडे दिला. काकूंनी पुण्यात पाऊस कसा आहे ते विचारलं.

सव्वीस नंबरात काय होतं ते मी विचारलं नाही. तेव्हा धीर झाला नाही आणि नंतर तोंड राहिलं नाही. काँगा आणि रिमशॉटवर बसवलेला ढोलकीचा एखादा तुकडा असेल. एखाद्या गायिकेचं ठरलेलं गाणं असेल. नाहीतर नुसता सरळ ठोका, सरावापुरता.

तर, बिघडवते का मी? त्या रात्री मी एकही तार जोडली नव्हती. सगळं नियमाने केलं होतं. पण हे बचाव म्हणून बोलायला लागले की माझाच मला राग येतो, कारण त्या नियमाच्या आधी एका माणसाने मला समोर उभं राहून, दोन वाक्यांत, काय करू नको ते सांगितलं होतं. दहा वर्षांपूर्वी मी ठणकावून म्हणायचे की मशीनच्या आत दडलेलं मी बाहेर काढते. तेव्हाच्या मला विचारावंसं वाटतं, बाई गं, आत आधीच कुणी राहतंय का ते बघितलंस? तिचं उत्तरही मला पाठ आहे. असं बघत बसले असते तर एक झाकण उघडून झालं नसतं. तिचंही चूक नाही.

हल्ली टेपची सोय असलेलं मशीन आलं की आधी त्यातलं सगळं उतरवून घेते. अशा अकरा कॅसेटी झाल्यात, कुणाकुणाच्या ठेक्यांच्या, वर मशीनचं नाव आणि तारीख. त्यातली एकही मी पुन्हा मशीनमध्ये भरून ऐकलेली नाही.