सॅन फ्रान्सिस्को पायी: चढ, जिने आणि धुकं

सॅन फ्रान्सिस्कोचा नकाशा बघून चालायचा बेत आखणाऱ्यांना पहिली सूचना: अंतराकडे बघू नका, उंचीकडे बघा. शहर जेमतेम अकरा किलोमीटर लांब आणि तेवढंच रुंद. १८४० च्या दशकात इथले रस्ते काटकोनात आखले गेले आणि पुढे ते टेकड्यांची पर्वा न करता सरळ रेषेत नेले. त्यामुळे नकाशावर सारख्याच दिसणाऱ्या दोन रस्त्यांपैकी एक सपाट असतो आणि दुसरा छातीवर येतो. फोनवरच्या नकाशात सायकलचा पर्याय निवडला की चढ-उताराची रेघ दिसते. मी रोज सकाळी निघण्याआधी ती बघायचे आणि मगच रस्ता ठरवायचे.

सुरुवात फेरी बिल्डिंगपासून करावी. तिथली सगळी जमीन भराव घालून केलेली आहे. पूर्वी बेचं, म्हणजे शहरालगतच्या उपसागराचं, पाणी आत माँटगोमेरी स्ट्रीटपर्यंत यायचं, आणि सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी सोडून दिलेली काही जहाजं आजही तिथल्या उंच इमारतींखाली गाडलेली आहेत. इथे पाय मोकळे करून घ्यायचे, कारण किनाऱ्याने उत्तरेकडे थोडं चाललं की डावीकडे टेलिग्राफ हिलचा उघडा कडा समोर येतो. दगडासाठी खाणकाम करून टेकडीची ही बाजू कापली गेली, म्हणून इथून वर रस्ता जात नाही, जिना जातो.

हाच तो फिल्बर्ट स्टेप्सचा जिना, आणि माझ्या मते या शहरात चालण्यातलं सगळ्यात सुंदर काही असेल तर ते इथे आहे. सॅन्सम स्ट्रीटवरून सुरुवात होते. आधी सिमेंटच्या पायऱ्या, मग लाकडाच्या. मध्येच नेपियर लेन नावाची अरुंद गल्ली फुटते. तिला डांबर नाहीच, नुसत्या लाकडी फळ्या टाकलेल्या आहेत, आणि दोन्ही बाजूंना जुनी लाकडी घरं. या घरांना मोटारीचा रस्ता नाही. सामान हातानेच वर आणायचं. शेजारची बाग ग्रेस मर्चंट यांच्या नावाने ओळखली जाते. त्या इथेच राहायच्या आणि कचरा टाकायची ही जागा साफ करून त्यांनी झाडं लावली. आज फर्न आणि गुलाब पायऱ्यांवर झुकलेले असतात. मी तिथे उभी असताना डोक्यावरून हिरव्या पोपटांचा थवा कलकलाट करत गेला. हे पोपट मूळचे दक्षिण अमेरिकेतले. पाळलेले सुटले आणि इथेच रुळले. हा जिना चढतानाच घ्या, उतरताना नको. चढताना आपसूक थांबणं होतं, आणि वळून पाहिलं की दर वेळी बे थोडा अधिक उघडलेला असतो.

वर कॉइट टॉवर आहे. लिफ्टने वर जायचं तर तिकीट लागतं, पण तळमजल्यावरची १९३४ ची भित्तिचित्रं पैसे न देता बघता येतात. महामंदीच्या काळात सरकारने कलाकारांना काम दिलं, त्यातून ही चित्रं झाली. शेतमजूर, गोदीतले कामगार, वर्तमानपत्र वाचणारी माणसं... वेळ काढून बघा. गुडघे कुरकुरत असतील तर ३९ नंबरची बस थेट इथपर्यंत येते.

पलीकडे उतरून वॉशिंग्टन स्क्वेअरमध्ये बाकावर बसायचं, काहीतरी खाऊन घ्यायचं, मग रशियन हिल. टेलर स्ट्रीटवरून मॅकॉन्ड्रे लेनचा लाकडी जिना शोधा. पाटी लहान आहे, लक्ष ठेवावं लागतं. वर झाडांनी झाकलेली शांत पायवाट लागते आणि शहराच्या मधोमध आहोत हे विसरायला होतं. तिथून हाइड स्ट्रीटला पोचलात की फिल्बर्टच्या कोपऱ्यावर थांबा. हाइड ते लेव्हनवर्थ हा तुकडा शहरातल्या सगळ्यात तीव्र उतारांपैकी, ३१.५ टक्के. कोपऱ्यावरून खाली रस्ता दिसतच नाही, समोर एकदम कॉइट टॉवर दिसतो. उताराकडे तोंड करून लावलेल्या मोटारींची पुढची चाकं फुटपाथकडे, आणि चढाकडे तोंड असलेल्यांची रस्त्याकडे वळवलेली असतात. इथे तसा नियमच आहे, ब्रेक सुटला तर गाडी कठड्याला अडावी म्हणून.

दोन चौक उत्तरेला लोम्बार्ड स्ट्रीटची प्रसिद्ध आठ वळणं. गर्दी फार, कडेच्या पायऱ्यांनी उतरून पुढे निघावं, तिथे तास घालवण्यासारखं काही नाही. त्यापेक्षा हाइड स्ट्रीटवर शांत वेळी रस्त्याच्या मधल्या खाचेजवळ कान द्या. खालून सतत घरघर ऐकू येते. ती केबल कारच्या दोराची. १८७३ साली अँड्र्यू हॅलिडीने क्ले स्ट्रीटवर ही पद्धत सुरू केली. गाडीला स्वतःचं इंजिन नसतं, ती जमिनीखालून फिरणारा दोर पकडते आणि सोडते. वॉशिंग्टन आणि मेसन रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या केबल कार म्युझियममध्ये तो दोर ओढणारी प्रचंड चाकं फिरताना दिसतात. प्रवेश मोफत आहे. जरूर जा.

समुद्राच्या बाजूसाठी वेगळा दिवस ठेवा. ३८ नंबरच्या बसने पश्चिम टोकाला जा, सुट्रो बाथ्सचे अवशेष बघा (१८९६ चे पोहण्याचे तलाव, १९६६ मध्ये आगीत गेले) आणि लँड्स एंडच्या पायवाटेने गोल्डन गेट पुलाकडे चालत या. सायप्रसची झाडं, खाली खडक, आणि पूल वळणावळणावर दिसतो नि लपतो. बेकर बीचवरून वर चढणारा वाळूतला जिना दमवतो. आपल्याकडे गड चढणाऱ्यांनाही तिथे दम लागेल, कारण पाऊल वाळूत मागे सरकतं. पुलावर पायी जाणाऱ्यांसाठी पूर्वेची, म्हणजे शहराकडची बाजू असते. वारा जोराचा असतो, टोपी खिशात ठेवा. परतीला २८ नंबरची बस.

कपड्यांबद्दल. जुलै-ऑगस्टला उन्हाळा समजून गेलात तर कुडकुडाल. किनाऱ्याजवळचं पाणी थंड आहे. आतल्या खोऱ्यातली हवा तापून वर गेली की ही थंड दमट हवा पुलाखालच्या गोल्डन गेट सामुद्रधुनीतून आत ओढली जाते आणि धुकं येतं. शहराच्या मधली ट्विन पीक्स टेकड्यांची रांग ते अडवते, म्हणून पश्चिमेच्या सनसेट भागात करडं आभाळ असताना पूर्वेच्या मिशन भागात ऊन असतं. एकावर एक घालता-काढता येतील असे कपडे आणि वारा अडवणारं जाकीट रोज पाठीवर हवंच. स्वच्छ हवेसाठी सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम.

एकट्याने, विशेषतः एकट्या बाईने फिरताना मला टेकड्यांवर कुठेच अवघडल्यासारखं झालं नाही. सांभाळायचं ते सपाट भागात. युनियन स्क्वेअर आणि सिव्हिक सेंटरच्या मधला टेंडरलॉइन भाग अंधार पडल्यावर पायी ओलांडू नका, बस घ्या. चौकात फोन हातात धरून उभं राहू नका.

बुटांचा तळ घट्ट पकड घेणारा हवा, पुढे अंगठ्याला जागा हवी. चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो, नखं दुखतात. तीव्र उतारावर नागमोडी चाला. पाण्याची बाटली न्या, नळाचं पाणी उत्तम आहे; ते बरंचसं सिएरा नेवाडातल्या हेच हेची धरणातून येतं. स्वच्छतागृहासाठी सिव्हिक सेंटरचं मुख्य वाचनालय सोयीचं. म्युनीच्या (शहराची बस-ट्राम सेवा) एका तिकिटावर दोन तास बस-ट्राम बदलता येते (केबल कारला हे चालत नाही), म्हणून चढ बसने गाठून उतरत चालणं सहज जमतं. थकवा असेल त्या दिवशी मी तेच केलं.

जाताजाता, सनसेट भागाकडच्या १६व्या ॲव्हेन्यूच्या १६३ रंगीत पायऱ्या चुकवू नका. २००५ मध्ये शेजाऱ्यांनी मिळून केलेलं हे मोझेक तळाशी समुद्रापासून सुरू होतं आणि वर सूर्यापर्यंत पोचतं. सकाळी जा, कारण दुपारनंतर या बाजूला धुकं आधी येतं, आणि वरच्या ग्रँडव्ह्यू पार्कमधून मग काहीच दिसत नाही.