पोस्टडॉकसाठी लिहायचे पत्र

यावल तालुक्यातील एका केळी उत्पादकाची मुलगी गेल्या महिन्यात माझ्याकडे जळगावला आली होती. केळीच्या खोडापासून निघणाऱ्या धाग्यांवर तिची पीएच.डी. झाली आहे. पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनाच्या कामासाठी, परदेशातील साठ प्राध्यापकांना तिने एकच ई-मेल पाठवली होती आणि एकाचेही उत्तर आले नव्हते. "कोणत्याही विषयावर काम करण्यास तयार आहे" हे वाक्य त्यात होते. "सर, असं लिहिलं तर संधी वाढेल ना?" असे तिने विचारले. मीही माझ्या वेळी नेमके हेच वाक्य लिहिले होते, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पोस्टडॉकचा पगार बहुतेक वेळा प्राध्यापकाला एखाद्या ठरावीक प्रकल्पासाठी मिळालेल्या निधीतून दिला जातो. त्याला त्या कामातील एक नेमकी अडचण सोडवू शकणारी व्यक्ती हवी असते आणि काहीही करायला तयार असलेला उमेदवार त्याच्या उपयोगाचा नसतो. आम्ही तिच्या विषयाशी जुळणारा एकच गट निवडला आणि त्यांचे दोन शोधनिबंध शेवटपर्यंत वाचले. नैसर्गिक धागे ओलावा शोषतात आणि त्यामुळे त्यांना एकत्र बांधणाऱ्या रेझिनशी त्यांची पकड सैल होते, ही त्यांची अडचण होती. कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून तोच ओलावा कमी करण्यात या मुलीची दोन वर्षे गेली होती, आणि तिच्या पत्रात त्याचा उल्लेखही नव्हता! नवे पत्र बारा ओळींचे झाले. त्यात तिची आकडेवारी पहिल्याच परिच्छेदात आली.

स्वतंत्र फेलोशिपसाठीही हे पत्र आधी लिहावे लागते, कारण युरोपियन युनियनची मारी क्युरी, जर्मनीची हम्बोल्ट किंवा जपानची जेएसपीएस यांपैकी कोठेही यजमान प्राध्यापकाच्या संमतीशिवाय अर्ज पुढे जात नाही. मुदतींकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. हम्बोल्टच्या पोस्टडॉक फेलोशिपला पीएच.डी.नंतर चार वर्षांच्या आत, तर जेएसपीएसला सहा वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. मारी क्युरीसाठी पीएच.डी.नंतरचा आठ वर्षांपर्यंतचा संशोधनाचा अनुभव चालतो. मात्र अर्जाच्या अंतिम तारखेपूर्वी तुमची मौखिकी झालेली असली पाहिजे. मी जेथे पीएच.डी. केली तेथे प्रबंध सादर केल्यापासून मौखिकीपर्यंत अकरा महिने गेले आणि त्यात माझी एक संधी हुकली, याची खंत आजही आहे. म्हणून प्रबंध लिहीत असतानाच पत्रव्यवहार सुरू करावा.

शिफारसपत्राबाबत आपले मार्गदर्शक फार संकोच करतात. "कष्टाळू व सुस्वभावी" एवढ्यावर तिकडे काहीही ठरत नाही. या मुलीने बंद पडलेले ताणपरीक्षण यंत्र स्वतः दुरुस्त करून पुन्हा चालू केले होते. ते पत्रात लिहा, असे मी तिच्या सरांना फोन करून सांगितले.

चौथ्या दिवशी त्या प्राध्यापकांचे उत्तर आले. धागे महिनाभर दमट हवेत ठेवल्यावर किती ओलावा घेतात, एवढेच त्यांनी विचारले आहे. ती मोजणी तिने केलेली नव्हती. सध्या ती प्रयोगशाळेत रोज सकाळी त्या धाग्यांचे वजन करते आहे.