पीटीएच ५४०
आज बाबांचा पीटीएचचा, म्हणजे पॅराथायरॉइड हार्मोनचा, रिपोर्ट आला. ५४०. शेजारीच छापलेलं, नॉर्मल १५ ते ६५. माझे हातपायच गळाले. डॉक्टर मात्र शांत. म्हणाले, डायलिसिसवरच्या माणसाला हा नॉर्मलचा आकडा लावायचा नसतो. नॉर्मलच्या वरच्या टोकाच्या नऊपटीपर्यंत चालवून घेतात, बघायचं ते चढतोय का एवढंच. (मग लाल अक्षरात छापतात कशाला, देव जाणे!)

हे हार्मोन बनवतात त्या मानेतल्या मसुराच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी. किडनी थकली की फॉस्फरस साठतो, रक्तातलं कॅल्शियम घसरतं, आणि ह्या चौघी ते हाडांतून ओढून काढतात. बाबांची पाठदुखी आम्ही वयावर ढकलत होतो.

जेवणातला फॉस्फरस अडवणारी गोळी जेवणाबरोबरच घ्यायची, हेही आजच कळलं. बाबा ती वर्षभर उपाशीपोटी घेत होते. अगदी नेमाने.